डोक्याचे पैसे

लातूर, ५ सप्टेंबर १९८२

निवृत्तीनंतरचा हा पहिला शिक्षकदिन. चौतीस वर्षे रसायनशास्त्र शिकवले आणि आज दारात एकही विद्यार्थी आला नाही. त्याचे मला वाईट वाटले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. प्रयोगवहीचा एक नियम मी मुलांना सांगत असे: जे दिसले ते लिहा, जे दिसायला हवे होते ते नव्हे. ही वही त्याच नियमाने लिहायची आहे.

उद्देश: घरच्या येसरचा धंदा उभा करणे.

साहित्य: ज्वारी, हरभऱ्याची डाळ, धणे, जिरे, तीळ, सुके खोबरे, मिरे, लवंग, दगडफूल. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, एकत्र दळायचा. हे कोरडे पीठ उकळत्या पाण्यात कालवले की दहा मिनिटांत आमटी तयार. यंदा पावसाने पाठ फिरवली, मंडईत भाजी नाही, नळाला चार दिवसांआड पाणी येते. अशा वर्षी याहून उपयुक्त पदार्थ मला सुचत नाही. माझी पत्नी जगदेवी हिच्या हातचे येसर ज्याने एकदा खाल्ले तो दुसऱ्या घरची आमटी नाक मुरडून खातो.

आणि सिद्धम्मा. माझी धाकटी बहीण. दोन वर्षांपूर्वी देवणीला तिचा नवरा वारला. ती नागपंचमीला माहेरी आली आणि परत जायचे नाव काढत नाही. जगदेवी भाजते, सिद्धम्मा दळते. दोघींना मी धंद्याची तत्त्वे समजावून सांगितली. सगळे ऐकून सिद्धम्मा म्हणाली, "अण्णा, हे इकत कोन घेईल? ज्याच्या घरी बाई न्हाई, त्यो." बाई नसलेली घरे जनगणनेच्या दृष्टीने नगण्य असतात, हे मी तिला शांतपणे पटवून दिले. ती उठून दळायला गेली.

१२ सप्टेंबर

हस्तपत्रक स्वतः लिहिले. शीर्षक: 'येसर: एक शास्त्रीय परिचय'. चार परिच्छेद. पहिल्यात व्युत्पत्ती, दुसऱ्यात भाजण्याच्या क्रियेने होणारे रासायनिक बदल, तिसऱ्यात प्रथिने, चौथ्यात निष्कर्ष. चांगल्या जाड कागदावर दोन हजार प्रती छापून घेतल्या. मुद्रितात एकही चूक नाही. अर्ध्या किलोच्या ऐंशी पिशव्या भरून गुंडप्पाच्या किराणा दुकानात ठेवल्या. गुंडप्पा जुना शेजारी असल्यामुळे नाही म्हणू शकला नाही.

२३ सप्टेंबर

अकरा दिवसांत चार पिशव्या खपल्या. त्यांतल्या तीन गुंडप्पाच्या सासुरवाडीला गेल्या.

मी दुकानात स्वतः उभा राहून ग्राहकांना माहिती देऊ लागलो. एका पोक्त बाईंना दुसऱ्या परिच्छेदापर्यंत आणले होते. त्या पिशवी खाली ठेवून म्हणाल्या, "सर, आमच्या घरातल्या बाया मेल्या का हो? येसर इकत आणलं म्हणून कळलं तर सून म्हणंल, सासूला आता भाजनं होईना." शेजारच्या दोघी हसल्या. लग्नघरी येसर-मेतकूट करायला गल्लीतल्या साऱ्या बायका जमतात, विकतचे येसर म्हणजे घराची नाचक्की, असे काहीसे त्यांचे म्हणणे होते. हा पूर्वग्रह आहे. पूर्वग्रह माहितीने दूर होतात. पत्रकात पाचवा परिच्छेद घालावा लागेल.

गुंडप्पा म्हणाला, "सर, पत्रक मात्र लई झकास. कागद जाडा हाय. हळद बांधायला बरा पडतो."

परत येताना जिल्हा कचेरीसमोरच्या चहाच्या हॉटेलात दोन नवे कारकून माझे पत्रक हातात घेऊन बसलेले दिसले. मी थांबलो. एक मोठ्याने वाचत होता, "येस सर... एक शास्त्रीय परिचय!" दुसऱ्याच्या नाकातून चहा आला. महिन्याभरापूर्वी आपला स्वतंत्र जिल्हा झाला, गावोगावचे कर्मचारी बदलून आले, त्याबरोबर हा उद्धटपणाही आला. येसर हा शब्दच या लोकांना ठाऊक नाही.

४ ऑक्टोबर

देवणीहून बसलिंगप्पाचे पत्र आले. हा सिद्धम्माचा धाकटा दीर. अक्षर चांगले, मजकूर मुद्देसूद. लिहितो की वहिनी तुमच्यावर किती दिवस भार होऊन राहणार. इथे विहिरीला तळ लागला आहे, पाणी दीड कोसावरून आणावे लागते, घरात बारा माणसे आहेत आणि हात कमी पडतात. तिथे तिचा धंदा चालला तर आमची ना नाही, न चालला तर येळवशीच्या आत आम्ही तिला घेऊन जाऊ.

माणुसकीचे पत्र आहे. मार्गशीर्षातल्या अमावस्येला, म्हणजे आमच्या भागातल्या येळवशीला, सगळे कुटुंब शेतात जमते. त्या दिवशी वहिनीची आठवण व्हावी, हे मला भावले. मी ते सिद्धम्माला वाचून दाखवले. ती जात्यापाशी बसली होती. खुंटा तिच्या हातात तसाच राहिला. मग तिने विचारले, "अण्णा, येळवस कवा हाय?"

"जानेवारीच्या मध्याला."

तिने बोटांवर महिने मोजले आणि पुन्हा दळायला लागली. त्या दिवशीचे पीठ नेहमीपेक्षा बारीक निघाले.

९ ऑक्टोबर

निवृत्तीच्या रकमेतून कांडप यंत्र घ्यायचे मी ठरवले होते. वेळ वाचेल, उत्पादन तिप्पट होईल. कागदावर आकडे मांडून जगदेवीला दाखवले. तिने कागद पालथा घातला.

"अहो, गुंडप्पानं परत धाडलेल्या शहात्तर पिशव्या कोपऱ्यात पडल्यात. आनखी भराभर करून कुठं ठेवायच्या? माझ्या डोक्यावर?"

"मग काय करावे म्हणतेस?"

"जिलानीच्या पोराकडं जा. रंगारी निजामोद्दीन. त्यो सिनेमाच्या पाट्या करतो, भोंगा फिरवतो. करडीच्या तेलवाल्याचं दुकान त्यानंच चालवून दिलं म्हनतात."

निजामोद्दीन १९६४च्या तुकडीत माझा विद्यार्थी होता. रसायनशास्त्रात त्याला शंभरपैकी नऊ गुण मिळाले होते. प्रयोगवहीत त्याने माझेच चित्र काढले होते, परीक्षानळीतून वाफ निघावी तशी माझ्या डोक्यातून वाफ निघताना.

११ ऑक्टोबर

गेलो. गंजगोलाईच्या मागच्या बोळात एक खोली, बाहेर पाटी: 'जिलानी पब्लिसिटी'. वडिलांच्या नावाने धंदा करतो, हे आवडले. मला पाहताच कुंचला टाकून उभा राहिला, हात पुसून पाया पडला. मी पत्रक त्याच्यासमोर ठेवले. त्याने ते शेवटपर्यंत वाचले. आजवर तसे करणारा तो पहिलाच.

"सर, हे तुम्ही लिवलं?"

"अर्थात."

"लई मेहनत घेतलीत, सर." आणि मग पत्रक हळूच पालथे ठेवले.

त्याने जी फी सांगितली ती कांडप यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त होती. मी विचारले, यात रंग किती, कापड किती, छपाई किती? तो म्हणाला, "ते वेगळं, सर. ही डोक्याची."

"विचार करायचे पैसे?"

"सर, गुरुदक्षिणा म्हणून म्हणाल तर तुमच्या घराची पाटी फुकट रंगवतो, जल्माची. पन डोकं लावायचं तर डोक्याचे पैसे. तुम्ही शाळेत शिकवलं तर पगार घेतलात का न्हाई? खडूचे पैसे वेगळेच होते ना?"

मी उठलो.

१२ ऑक्टोबर

नऊ गुण!

१६ ऑक्टोबर

आज सिद्धम्मा पाणी भरायला पहाटेच नळावर गेली. तिने घागर डाव्या खांद्यावर घेतली, आणि उजवा हात मात्र वर उचलता येत नाही असे मला दिसले. विचारले तर म्हणाली, "देवणीचं हाय. दोन घागरी आनायची ना एकदम. आता बरं हाय." दोन घागरी, दीड कोस. पत्रात 'हात कमी पडतात' असे लिहिले होते. कोणाचे हात, ते लिहिले नव्हते.

दुपारी जाऊन निजामोद्दीनला निम्मी रक्कम आगाऊ देऊन आलो. यंत्र यंदा नाही.

२७ ऑक्टोबर

दहा दिवस झाले. त्याने एक रेघही ओढलेली नाही. रोज सकाळी कचेरीसमोरच्या हॉटेलात बसतो, चहा पितो, लोकांशी गप्पा मारतो. काल रॉकेलच्या रांगेत उभा होता, हातात डबा नसताना. माझ्या पैशांचा चहा चालला आहे.

आज घरी आला. मला वाटले, माझी मुलाखत घेईल. मी टिपणे काढून ठेवली होती. तो स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसला आणि दोन तास सिद्धम्माशी बोलला. किती पाण्यात किती पीठ, फोडणी नसली तर चालते का, मीठ-तिखट आतच घातले तर किती दिवस टिकते. माझ्यासमोर दोन वाक्ये न बोलणारी ही बहीण त्याला कढई आणून दाखवत होती. शेवटी त्याने मला एकच प्रश्न विचारला.

"सर, तुम्ही कधी एकटे राहिलात का? खोली घेऊन?"

"नाही. आधी आई होती, मग जगदेवी."

"बरं," म्हणाला आणि पेन्सिल कानावर ठेवून निघून गेला.

१ नोव्हेंबर

आज त्याने आपले म्हणणे मांडले. जसे ऐकले तसे लिहितो.

"सर, तुम्ही येसर कुनाला विकून राहिलात? ज्यांच्या घरी जगदेवी वैनी हायत त्यांना. त्या बाया कशाला घेतील? त्यांची तर अब्रू जाते. आता हे बगा. नवा जिल्हा झाला. कचेऱ्या आल्या. कुनी उस्मानाबादेहून आलं, कुनी औरंगाबादेहून, कुनी नांदेडहून. बायकापोरं तिकडंच, शाळा मधातच कशी सोडायची? एका खोलीत तीन-तीन माणसं, एक स्टोव्ह. खानावळीला कंटाळलेत, मंडईत भाजी न्हाई. मी चाळीस जणांना इचारलं. रोज काय खाता? चहा आनि पाव."

सिद्धम्मा दारात उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, पण मला सप्टेंबरमधले तिचे वाक्य आठवले. जनगणनेचा आधार देऊन मी ते खोडले होते. जनगणना जिल्हा होण्याच्या आधीची आहे, हे मी त्या वेळी ध्यानात घेतले नव्हते.

"अर्धा किलोची पिशवी बंद," तो पुढे म्हणाला. "एका माणसाची एका वेळची पुडी. मीठ-तिखट आतच. किराणा दुकान बंद. चहाचं हॉटेल, पानपट्टी, स्टोव्ह दुरुस्तीवाला. जिथं एकटा गडी जातो तिथं."

इथवर मला पटले. मग त्याने कागद उलगडला. त्यावर मोठ्या अक्षरांत:

दिवसभर येस सर.
संध्याकाळी येसर.

मी ताडकन उभा राहिलो. म्हणालो, ही थट्टा आहे, पवित्र अन्नाचा अपमान आहे, शिवाय सरकारी अधिकारी खटला भरतील. तो शांतपणे म्हणाला, "सर, हे माझं न्हाई. हॉटेलातल्या पोरांचं हाय. तुमचं पत्रक आल्यापासून ते हेच म्हणून हसून राहिलेत. ज्याच्यावर मानूस आपसूक हसतो, ते त्याला पाठ करावं लागत न्हाई. मी निस्तं उचललं."

जगदेवीने पदर तोंडाला लावला होता. आणि सिद्धम्मा हसली. मोठ्याने. देवणीहून आल्यापासून मी तिला हसताना पाहिले नव्हते, हे मला ती हसल्यावर कळले.

मी होकार दिला.

१८ नोव्हेंबर

दिवाळी झाली. कचेरीच्या रस्त्यावर एका गोदामाची लांबरुंद भिंत भाड्याने घेतली आहे. निजामोद्दीनने तीन दिवस खपून ती पांढरी केली आणि मधोमध ती दोन वाक्ये लिहिली. खाली बारीक: 'उकळतं पाणी. दहा मिनिटं.' बाकी सगळी भिंत कोरी! मी पट्टी घेऊन मोजले. तीन चतुर्थांश जागा वाया गेली आहे. भाडे पूर्ण भिंतीचे दिले आहे.

२१ नोव्हेंबर

निजामोद्दीन दोन दिवसांसाठी लोह्याला गेला आहे. मी एका दुसऱ्या रंगाऱ्याकडून कोऱ्या जागेत आवश्यक माहिती भरून घेतली: घटकद्रव्ये, प्रथिनांचे प्रमाण, भाजण्याचे महत्त्व, आणि आमचा पत्ता. आता भिंत परिपूर्ण आहे. समोरच्या कट्ट्यावर तासभर बसून पाहिले. लोक मान वळवतात आणि सायकल न थांबवता पुढे जातात. बहुधा कामाच्या घाईत असावेत.

२४ नोव्हेंबर

निजामोद्दीन परतला. मला वाटले होते, चिडेल. भिंतीसमोर उभा राहून त्याने सगळे वाचले. मग म्हणाला, "सर, रिकामी जागाच तर तुम्ही विकत घेतली होती."

"म्हणजे?"

"परीक्षेच्या पेपरात तुम्ही आम्हाला काय सांगायचात? समास सोडा. एका पोरानं समासात लिवलं तर तुम्ही रागानं त्याला छडी मारलीत."

"तो तूच होतास."

"हाव, मीच. लिवलेलं दिसायचं असेल तर न लिवलेलं सोडावं लागतं, हे तवाच शिकलो. तुमच्याकडून."

 चौतीस वर्षे समासाचा नियम शिकवला आणि भिंतीला तो लागू होतो, हे माझ्या लक्षात आले नाही. भिंत पुन्हा पांढरी करायला हवी, असे त्याने सांगितले आणि त्या कामाचा दरही सांगितला. डोक्याचे पैसे मात्र या वेळी मागितले नाहीत.

चुन्याला पाणी लागते. दोन घागरी. नळाला उद्या पाणी नाही. जगदेवीने स्वयंपाकघरातल्या चारपैकी दोन घागरी दारात आणून ठेवल्या. "घेऊन जा. उद्याची आंघोळ ऱ्हाऊ द्या सगळ्यांची." मी म्हणालो, चूक माझी आहे, मी कुठून तरी आणतो. ती म्हणाली, "कुठून तरी म्हंजे देवणीहून का?"

माझ्या अकरा ओळी दोन घागरी पाण्यात गेल्या. एवढ्या महाग ओळी मी आयुष्यात लिहिल्या नव्हत्या.

२९ नोव्हेंबर

चौदा पुड्या खपल्या.

३० नोव्हेंबर

एकतीस.

४ डिसेंबर

आज दुपारी दाराशी एक खाकी कपड्यातला शिपाई उभा. नाव श्रीमंत. "येसरवाले सर तुम्हीच का? साहेबांनी बोलावलंय. आत्ता."

 साहेब म्हणजे महसूल खात्यातले एक मोठे अधिकारी. जगदेवीला म्हणालो, मी सांगितले होते, हा अपमान त्यांच्यापर्यंत पोहोचणार. निजामोद्दीनला निरोप धाडला. तो कुंचला हातात घेऊन धावतच आला आणि माझ्याबरोबर निघाला. वाटेत मी माफीचे तीन परिच्छेद मनात तयार केले.

साहेबांच्या टेबलावर आमची पुडी होती. त्यांनी चष्म्यावरून बघितले. "हे तुम्ही बनवता?"

मी सावधान स्थितीत उभा राहिलो आणि माझ्या तोंडून निघाले, "येस सर."

 मग साहेब खुर्चीत मागे रेलून इतके हसले की बाहेरून कोणीतरी डोकावले. निजामोद्दीन भिंतीकडे तोंड करून उभा होता, त्याचे खांदे हलत होते. साहेब म्हणाले, "चार महिने झाले, विश्रामगृहात एकटा आहे. खानसामा रोज तेच अंडे करतो. माझी आई असं काहीतरी करायची, आम्ही त्याला निराळं नाव द्यायचो. दर सोमवारी इथल्या सगळ्या मंडळींसाठी पुड्या पाठवत चला. पैसे ज्याचे त्याने द्यायचे, सरकारी काही नाही."

बाहेर आल्यावर श्रीमंत हळूच म्हणाला, "सर, माझ्याही दोन. माझी बी बायको नांदेडला हाय."

१९ डिसेंबर

काम वाढले आहे. शेजारच्या तीन बायका आता भाजायला येतात. सिद्धम्मा कोणाला काय द्यायचे ते ठरवते. मीठ-तिखट मोजण्यासाठी तिने स्वतः एक माप बनवले आहे, खोबऱ्याच्या करवंटीचे. त्या मापाने घातलेल्या मीठ-तिखटाचे मी दोन-तीनदा वजन करून पाहिले. एका गुंजेचाही फरक नाही.

कचेरीतल्या एका कारकुनाने मुदखेडला रेल्वेत असलेल्या भावाला पुड्या दिल्या. तिथल्या विश्रांतिगृहातून पन्नासांची मागणी आली आहे. रेल्वेची माणसेही एकटीच असतात. हे मला आता आपोआप सुचते.

या तीन महिन्यांत जे शिकलो ते एकदा नीट मांडून ठेवतो, कारण गुंडप्पाने काल विचारले, "सर, तुम्ही सवता एवढे शिकलेले, मग रंगाऱ्याला पैसे कशाला दिले?" प्रश्न योग्य आहे.

लहान धंदा करणाऱ्याला आपला माल फार जवळून दिसतो. त्याला वाटते, माल चांगला आहे हे सांगितले की झाले. पण चांगल्या वस्तूचे गुणधर्म माहीत असणे आणि ती कोणाला हवी आहे हे माहीत असणे, ही दोन वेगळी शास्त्रे आहेत. मी पहिल्यात पदवीधर आहे. दुसऱ्यात माझे गुण नऊ. लहान माणसाला वाटते, मोठे झाल्यावर जाहिरातवाला परवडेल. उलट आहे. मोठा माणूस चुकीच्या लोकांना वर्षभर माल दाखवत राहिला तरी तरतो. लहान माणसाकडे एकच हंगाम असतो, आणि दुष्काळात तर दोनच घागरी. डोकेदुखीला वैद्याकडे जातो, भिंत बांधायला गवंड्याकडे जातो. मग लोकांच्या मनाशी बोलायला मात्र आपण स्वतःच पुरेसे आहोत, असे का मानतो? तोंड सर्वांना असते म्हणून बहुधा.

आज हेच गुंडप्पाला सांगितले. त्याने सगळे ऐकून घेतले. मग म्हणाला, "म्हंजे निजामोद्दीनला माझ्याकडं पाठवा म्हणता." माझे सगळे विवेचन त्याने एका वाक्यात बसवले. मी शिकतो आहे.

३ जानेवारी १९८३

बसलिंगप्पाचे कार्ड. येळवशीच्या दोन दिवस आधी स्वतः येतो आहे. धंद्याबद्दल एक शब्दही विचारलेला नाही. 'वहिनीची तयारी करून ठेवावी.'

धंदा चालला तर ना नाही, असे त्यानेच लिहिले होते. मी ऑक्टोबरचे पत्र काढून ठेवले आहे. पण त्याच्या भावकीत लेखी शब्दाला किती किंमत असते, कोण जाणे. सिद्धम्मा त्या घरची सून आहे. तिने जावे की राहावे, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, याचा मी कायदा आणि रूढी अशा दोन्ही अंगांनी अभ्यास करतो आहे.

कार्ड आल्यापासून तिने उजवा खांदा पुन्हा चोळायला सुरुवात केली आहे.

१० जानेवारी

बसलिंगप्पाशी बोलण्यासाठी अकरा मुद्दे लिहून काढले. क्रम असा: आदरातिथ्य, मृत मेहुण्याचे स्मरण, ऑक्टोबरच्या पत्राचा उल्लेख, धंद्याची स्थिती, सिद्धम्माचे त्यातले स्थान, तिचा खांदा, देवणीच्या पाण्याची परिस्थिती, आमची जबाबदारी, तिची इच्छा, तोडगा, समारोप. जगदेवीने यादी वाचली. "तिची इच्छा नवव्या नंबरला?" एवढेच विचारले.

मी क्रम बदलला नाही. तर्काची बांधणी बिघडली असती.

१२ जानेवारी

बसलिंगप्पा सकाळच्या गाडीने आला. उंच, तब्येतीने धट्टाकट्टा माणूस, डोक्याला फेटा. पाहुणचार झाला. अंगणात तीन बायका पुड्या बांधत होत्या. सिद्धम्मा मधे बसून करवंटीने मीठ-तिखट घालत होती. मुदखेडचा माल दुपारच्या गाडीत टाकायचा होता. मी यादी खिशातून काढली आणि घसा साफ केला.

तो तिच्याकडे बघून म्हणाला, "चला वैनी. चारची गाडी हाय. परवा येळवस. तीस-पस्तीस मानसं यायची शेतात. भज्जी, आंबील, उंडे, समदं करायचंय. घरात हात न्हाईत."

सिद्धम्माचे हात थांबले नाहीत. "कितीजन म्हनलात?"

"पस्तीस धरा."

ती उठली. मला वाटले, पिशवी भरायला आत गेली. जगदेवीही तसेच समजली, कारण तिने माझा हात घट्ट धरला. सिद्धम्मा पुड्यांचा एक गठ्ठा घेऊन बाहेर आली आणि तो दिरासमोर ठेवला.

"हे न्या, भावजी. आंबिलीसंगं चालंल. घरच्या बायांना सांगा, पानी उकळलं की टाकायचं, दहा मिनिटं. आमटीला हात लागत न्हाईत."

तो गोंधळला. "अवं, पुड्या काय करायच्या? तुम्ही चला."

"आज जमत न्हाई. मुदखेडचा माल जायचाय. सोमवारी कचेरीचा."

"वैनी, भावकीत काय सांगू? इधवा वैनी भावाच्या दारात ऱ्हायली म्हनून?"

"सांगा, कामावर हाय. रजा न्हाई मिळाली."

पुड्या बांधणाऱ्या बायका थांबल्या. बसलिंगप्पाने माझ्याकडे पाहिले. उत्तर मी देईन, अशी त्याची अपेक्षा होती. माझ्या हातात अकरा मुद्दे होते आणि त्यांतला एकही इथे लागू नव्हता. मी गप्प राहिलो. मोठ्या भावाने गप्प राहणे किती अवघड असते, ते आज कळले.

मग तो तिलाच म्हणाला, जरा चिडून, "रजा कोन देतं तुम्हाला?"

"मीच देते," सिद्धम्मा म्हणाली आणि परत जागेवर जाऊन बसली. "आनि मीच न्हाई दिली."

त्याने चहाचा पेला खाली ठेवला. मग त्याने गठ्ठा उचलून धोतराच्या सोग्यात गुंडाळला. चारची गाडी त्याने एकट्याने पकडली.